काळ्या कल्ल्यांची कोळंबी

मागच्या पावसाळ्यात, उघडीप असलेल्या एका सकाळी, खाडीकाठच्या गावातील एक बाई दवाखान्यात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत अर्धा किलो कोळंबी. पिशवी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांनी प्रकल्पावरून आणलीय. डोक्याजवळ काळी आहे बघा. तिथली माणसं म्हणतात बुरशी आहे. पोरांना करून घालू का नको?"

"यजमान काय करतात तिथे?"

"खाद्य टाकतात, रात्री पाण्यातले पंखे बघतात. पायाला चिखल्या झाल्यात त्यांच्या. डोळा पण चार दिवस लाल आहे. मला वाटतं, सगळं ह्या कोळंबीचंच असणार."

मी पिशवी उघडली, दोन-चार कोळंब्यांची डोक्यावरची कवचे उचलून पाहिली आणि त्यावर पाच मिनिटे बोललो. चिखल्यांसाठी मलम लिहून दिले. डोळ्याविषयी सर्वांत शेवटी विचारले, तेही बाई जायला उठल्यावर. क्रम नेमका उलटा हवा होता, हे आज कबूल करतो. तो का, ते लेखाच्या शेवटी येईलच. आधी बाईंचा पहिला प्रश्न घेऊ, कारण बाजारात तळ्यातली कोळंबी येऊ लागल्यापासून तो अनेक घरांत विचारला जातो.

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिळ्या भाकरीवरची हिरवी लव येते, नाहीतर पावसाळ्यात चपलेवर चढलेला बुरा. पण बुरशीला कोरडी-ओली कोणतीही जागा चालते, आणि पाणी तर तिचे फार जुने घर आहे. खाडीचे पाणी, तळ्याचा गाळ, बांधावरचे गवत, हवेतील धूळ या सर्वांत तिचे सूक्ष्म बीजकण असतात. कोळंबीच्या तळ्यातील पाणी तपासले तर अस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, फ्युजेरियम अशा बुरशी सापडतात, आणि कँडिडासारखे यीस्टही सापडते. एवढ्यावरून पाणी बिघडले असे होत नाही. मेलेले कुजवून त्याची माती करणे हे बुरशीचे काम आहे. तळ्यात उरलेले खाद्य, विष्ठा, कोळंबीने टाकलेली कात हे सारे जिवाणू आणि बुरशी मिळून संपवत असतात. गंमत अशी की कोळंबीचे कवच ज्या कायटिन नावाच्या द्रव्याचे असते, त्याच द्रव्याची भिंत खऱ्या बुरशीच्या पेशीलाही असते.

बिघाड होतो तो गर्दीने. आपल्याकडे २००९ साली पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडील किनाऱ्यावरची व्हॅनामेई जातीची कोळंबी वाढवायला परवानगी मिळाली, आणि पूर्वीच्या टायगर कोळंबीची जागा बहुतेक ठिकाणी तिने घेतली. हिचे बीज चौरस मीटरला ६० पर्यंत सोडता येते. म्हणजे एका हेक्टरच्या तळ्यात सहा लाख जीव, आणि तेही साधारण तीन ते चार महिने. एवढ्या जिवांचे खाणे आणि घाण एकाच पाण्यात. खाद्य जास्त पडले, पंखे बंद राहिले, तळाशी काळा गाळ साठला, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो, अमोनिया वाढतो आणि कोळंबीच्या नाजूक कल्ल्यांना इजा होते. सहा जणांच्या घरात साठ माणसे कोंडली आणि मोरी तुंबली, तर पहिला खोकला कोणाचा हे शोधण्यात अर्थ नसतो, तसेच हे आहे.

आता काळ्या रंगाविषयी. कोळंबीचे कल्ले डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कवचाच्या झाकणाखाली असतात. निरोगी कोळंबीत ते फिकट, जवळजवळ रंगहीन असतात. जपानमध्ये कुरुमा नावाच्या कोळंबीचे कल्ले तळ्यात काळे पडू लागले, तेव्हा १९७२ साली तेथील संशोधकांनी त्या काळ्या भागात फ्युजेरियम बुरशीचे धागे दाखवले. पुढे इतर देशांतही फ्युजेरियम सोलानी ही जात कल्ल्यांत आणि कवचाच्या जखमांत सापडली. ही बुरशी मातीत सगळीकडे असते. धडधाकट कोळंबीत ती सहसा शिरत नाही. कवच खरचटले, कल्ले घाणीने सुजले, की तेथून आत जाते.

पण काळा रंग बुरशीचा नसतो, तो कोळंबीचा स्वतःचा असतो. आपल्यासारखी रोगप्रतिकारक यंत्रणा कोळंबीला नाही. शरीरात परके काही शिरले की ती त्याच्याभोवती मेलॅनिन नावाच्या काळ्या द्रव्याचे कोंडाळे करते आणि शत्रूला त्यात गाडून टाकायचा प्रयत्न करते. आपल्या केसांना आणि कातडीला रंग देणारे हेच द्रव्य. म्हणून काळे कल्ले दिसले की एवढेच समजावे, की येथे लढाई झाली आहे. शत्रू कोण ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बुरशी असेल, जिवाणू असतील, नुसता गाळ अडकलेला असेल किंवा खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलेले असेल. प्रकल्पावरचा माणूस लांबूनच "बुरशी आहे" म्हणतो, ते खरे असेलच असे नाही.

याहून नेहमीचा प्रकार वेगळाच आहे, आणि बाईंच्या पिशवीत तोच होता. कोळंबी मेल्यानंतर काही तासांनी तिचे डोके, मग शेपटीचे टोक आणि कवचाचे सांधे काळे पडू लागतात. कापून ठेवलेले वांगे किंवा सफरचंद जसे काळवंडते, तसेच हे. कोळंबीच्या अंगातील एक विकर (एन्झाइम) हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने मेलॅनिन तयार करते. त्यात बुरशीचा काहीही संबंध नाही. बर्फात ठेवल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यामुळे चांगल्या, खाण्याजोग्या कोळंबीचे डोकेही काळे असू शकते. उलट दिसायला स्वच्छ असलेली कोळंबी उतरलेलीही असू शकते. पाहायचे ते असे: डोके धडाला घट्ट धरलेले आहे का, मांस दाबल्यावर टणक लागते का, हाताला बुळबुळीत लागते का. आणि सर्वांत मोठी कसोटी नाकाची. समुद्राचा वास ठीक, अमोनियाचा म्हणजे मुतारीसारखा वास आला तर पैसे गेले असे समजून टाकून द्यावी.

या काळेपणाचे एक दुखणे मात्र खरे आहे. काळे डोके गिऱ्हाइकाला आवडत नाही, म्हणून काही ठिकाणी कोळंबी पकडल्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवून काढतात. प्रमाणात वापरले तर ते मान्य आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार कच्च्या गोठवलेल्या कोळंबीच्या खाण्याच्या भागात ते किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण दम्याच्या काही रुग्णांना थोड्या सल्फाइटनेही धाप लागते. तेव्हा दमेकऱ्यांच्या घरी पांढरीशुभ्र कोळंबी पाहून खूश होण्याआधी विक्रेत्याला विचारावे. थोड्या काळ्या डोक्याची घेतलेली परवडली.

बुरशीचा खरा कहर तळ्यापेक्षा हॅचरीत, म्हणजे जेथे बीज तयार करतात तेथे होतो. लॅजेनिडियम नावाचा एक जीव अंड्यांत आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिलांत शिरतो. त्याचे बीजकण शेपटीने पोहतात, पिलाला चिकटतात, आणि आतून त्याचे अंग धाग्यांनी भरून टाकतात. एक-दोन दिवसांत टाकीतील बहुतेक पिले तळाला जातात. जुन्या पुस्तकांत याला बुरशीच म्हटले आहे. आजचे शास्त्रज्ञ त्याला बुरशीतून काढून समुद्री शेवाळाच्या नात्यात बसवतात. हॅचरीवाल्याला त्या नातेगोत्याशी कर्तव्य नाही, त्याची लाखो पिले एका रात्रीत गेलेली असतात.

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते पाण्यात ओततो, आणि आरोग्याच्या दृष्टीने बुरशीपेक्षा मोठा धोका तेथे सुरू होतो. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवट-निळा रंग मुळात रेशीम आणि कातडे रंगवण्याचा. तो बुरशी मारतो, स्वस्त आहे, म्हणून शोभेच्या माशांच्या टाक्यांत वापरला जातो. खाण्याच्या मासळीत त्याला बंदी आहे. युरोप-अमेरिकेत तो सापडलेला माल परत पाठवतात. बंदीचे कारण असे, की मासळीच्या अंगात त्याचे रंगहीन रूप तयार होते आणि ते बराच काळ टिकते. रंग दिसत नाही, वास येत नाही, शिजवून जात नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने यकृतात गाठी होण्याची चिन्हे दाखवली आहेत. काही देशांतील हॅचऱ्यांत तर लॅजेनिडियमसाठी ट्रायफ्लुरालिन नावाचे तणनाशकही वापरले गेले. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा तर बुरशीवर परिणामच होत नाही, ती जिवाणूंची औषधे. तरीही 'रोग आहे ना, मग टाका' या न्यायाने ती पूर्वी पडत असत.

माझे स्पष्ट मत असे, की ज्या तळेवाल्याकडे रोग आल्यावर औषधांची यादी मोठी होते, त्याच्याकडून कोळंबी घेऊ नये. ज्याच्याकडे तळे रिकामे करून भेगा पडेपर्यंत उन्हात वाळवतात, गाळ काढतात, चुना मारतात आणि मगच पाणी भरतात, त्याची घ्यावी. काळ्या कल्ल्यांच्या फ्युजेरियमवर तळ्यात टाकण्याजोगे खात्रीचे औषध नाहीच. प्रकल्पवाल्यांपैकी जे हा लेख वाचत असतील, त्यांनी हे वाक्य दुकानदाराला वाचून दाखवावे.

ईएचपी या तीन अक्षरांनी गेली काही वर्षे आपल्या किनाऱ्यावरील तळेवाल्यांची झोप उडवली आहे. बुरशीच्या कुळातील हा अतिसूक्ष्म परजीवी २००४ च्या सुमारास थायलंडमध्ये टायगर कोळंबीत दिसला आणि २००९ मध्ये त्याला नाव मिळाले. तो कोळंबीच्या यकृतासारख्या अवयवाच्या पेशींत राहतो. कोळंबी मरत नाही, वाढतच नाही. एकाच तळ्यात काही बोटाएवढ्या तर काही करंदीएवढ्या राहतात. यावर औषध नाही. माणसाला यापासून आजार झाल्याचे आढळलेले नाही. याचाच एक चुलत भाऊ माणसाच्या आतड्यात जुलाब लावतो, तोही मुख्यतः एड्ससारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. पण तो वेगळा आणि हा वेगळा. बारीक राहिलेली कोळंबी खायला हरकत नाही. नुकसान तळेवाल्याचे आहे, खाणाऱ्याचे नाही.

खाद्याच्या गोदामात मात्र जी बुरशी वाढते तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने सोडलेले विष निघाले. तेच अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन ३९७ माणसे आजारी पडली, कावीळ झाली, पोटात पाणी साठले, आणि त्यांतील १०६ दगावली. हे विष भाजून, उकळून नष्ट होत नाही.

कोळंबीच्या खाद्यात सोयाबीन, भुईमुगाची पेंड, गव्हाचे पीठ, मासळीची भुकटी असे पदार्थ असतात. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या जमिनीवर, भिंतीला टेकवून पोती रचली की आत बुरा धरतो. असे खाद्य खाल्लेल्या कोळंबीचे यकृत बिघडते, ती सुस्तावते, रोगाला लवकर बळी पडते. हा अवयव कोळंबीच्या डोक्यात असतो, मांसल धडात नाही. त्यामुळे धडाचे मांस खाणाऱ्याला फारसा धोका नाही. कोळंबीच्या डोक्यांचे सार ज्यांना फार आवडते, त्यांनी खाडीची किंवा समुद्राची ताजी कोळंबी असेल तेव्हाच ते करावे, असे मी सुचवीन. खाद्याची पोती जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. गुठळ्या झालेले आणि कुबट वासाचे पोते 'उन्हात टाकून' पुन्हा वापरू नये. ऊन बुरशी वाळवते, विष तसेच राहते.

हाच नियम घरातल्या सोड्यांना लागू आहे. आगोटीला भरलेले सोडे आणि सुकट श्रावणाच्या सुमारास उघडले की त्यावर कधी पांढरी, कधी हिरवट लव दिसते. धुऊन, पुन्हा भाजून खाण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत सोडावी. ज्यावर लव आली ते सगळे टाकावे. सोडे कडकडीत वाळवून, कोरड्या बरणीत, लहान लहान भाग करून ठेवले तर एक बिघडले तरी बाकीचे वाचतात.

मग प्रश्न उरतो, तळ्यातल्या कोळंबीवरची बुरशी खाणाऱ्याच्या पोटात जाऊन रोग करते का? शिजवलेल्या कोळंबीतून नाही. कोळंबी वाकून गोल झाली, पारदर्शक मांस पूर्ण पांढरे-गुलाबी झाले, म्हणजे ती शिजली, आणि एवढ्या उष्णतेत बुरशी तर मरतेच, खाऱ्या पाण्यातील पटकीच्या कुळातले जिवाणूही मरतात. या जिवाणूंची भीती बुरशीपेक्षा अधिक बाळगावी. कच्ची कोळंबी चिरलेल्या विळीवर किंवा फळीवर लगेच कांदा-कोथिंबीर चिरू नये, हे सांगायचे कारण तेच.

काही जणांना कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, घसा खाजतो. "कोळंबी खराब होती, बुरशी असेल" असे म्हणून ते पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घेतात आणि पुन्हा तेच होते. ही कोळंबीतील एका प्रथिनाची ॲलर्जी. ते प्रथिन शिजवूनही तसेच राहते, आणि ताज्यातल्या ताज्या कोळंबीतही असते. अशांनी कोळंबी, खेकडा, शेवंड खाणे बंद करावे. ज्यांना एकदा श्वास लागला असेल त्यांनी तर चव पाहण्याचाही मोह करू नये.

आता बाईंच्या यजमानांकडे वळू. प्रकल्पावर काम करणाऱ्यांचे हातपाय दिवसातून कित्येक तास पाण्यात असतात. रबरी बूट घातले तर आत घाम, नाही घातले तर चिखल. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, सोलते, चिरते, खाज येते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडा सुजून ठणकतात, नख जाड आणि वाकडे होते. ते नखुरडे पुष्कळदा कँडिडा यीस्टचे असते. या दोन्हींत दोषी बुरशी ही कोळंबीची नव्हे, माणसाच्याच कातडीवर वावरणारी आहे. ओलाव्याने तिचे फावते. ब्राझीलमध्ये गोड्या पाण्यातील एका कोळंबीतून कँडिडा वेगळे केले असता त्यातील काही माणसांना देण्यात येणाऱ्या बुरशीनाशक औषधांना दाद देत नव्हते, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.

उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा. काम संपल्यावर पाय साध्या पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कापडाने टिपून कोरड्या कराव्यात, घरी उघडे ठेवावेत. बुटांचे दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळत राहतो. सोलताना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालावेत. मलम लावायचे तर बुरशीचेच, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस. मेडिकलमधून आणलेली 'तीन-चार औषधे एकत्र' असलेली ट्यूब लावू नये. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी आतल्या आत पसरते. आज गजकर्णाचे जे हट्टी रुग्ण आमच्याकडे येतात, त्यांच्यातील कित्येकांच्या खिशात अशीच चेपलेली ट्यूब असते. मधुमेही माणसाच्या पायाला खाऱ्या पाण्यात जखम होऊन एका दिवसात पाय लाल, टणक, फोड आलेला झाला, तर ते काम बुरशीचे नाही, जिवाणूंचे आहे. तेथे तासांचा हिशेब असतो, सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि डोळा. काळ्या कल्ल्यांत जी सापडते तीच फ्युजेरियम सोलानी माणसाच्या डोळ्यात शिरू शकते. मात्र तिला दार उघडे लागते. बुबुळावरचा काचेसारखा पडदा गवताच्या पात्याने, भाताच्या कुसळाने, उडालेल्या खड्याने किंवा कोळंबीच्या कपाळावरील करवतीसारख्या काट्याने खरचटला, की मातीतील किंवा पाण्यातील बीजकण तेथे रुजतात. जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना बुबुळाचा असा बुरशीचा व्रण होतो असा अंदाज आहे. त्यात शेतकरी आणि मजूर सर्वांत जास्त, आणि दक्षिण भारतातील रुग्णांत फ्युजेरियम आघाडीवर आहे.

सुरुवातीला फक्त खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतो. जिवाणूंच्या व्रणाइतका हा भडक नसतो, म्हणून माणूस अंगावर काढतो. मेडिकलमधून थेंब आणतो. त्या थेंबांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असले तर लाली उतरते, बरे वाटते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ठिपका पसरत जाऊन पडद्याला भोक पडू शकते. मध, एरंडेल, अंगावरचे दूध घालणाऱ्यांचीही तीच गत. म्हणून घरातील प्रत्येकाने आपल्या थेंबांच्या बाटलीवरील बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत.

यावर औषध आहे आणि ते महागडेही नाही. नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब. अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या तुलनेत, ज्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला, हे जुने औषध व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियममध्ये. पण ते सुरू करण्याआधी व्रण खरवडून काचपट्टीवर बुरशी पाहावी लागते, आणि पुढे कित्येक आठवडे, सुरुवातीला दर तासाला, थेंब घालावे लागतात.

त्या दिवशी बाई दारापर्यंत गेल्यावर मी विचारले, "डोळ्यात काय घालताय त्यांच्या?"

"मेडिकलवाल्यानं दिलंय ते. आधी बरं वाटलं होतं, आता परत खुपतंय म्हणतात. रात्री पकड चालू होती, तेव्हा जाळ्यातून काहीतरी उडालं डोळ्यात."

त्यांना तसेच परत बसवले आणि यजमानांना बोलावून घेतले. टॉर्चच्या उजेडात बुबुळाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. दुपारच्या एसटीने दोघांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. खरवडलेल्या भागात बुरशीचे धागे निघाले. ती तळ्यातली होती की बांधावरच्या गवतातली, हे कोणी सांगू शकत नाही आणि उपचाराला त्याने फरकही पडत नव्हता. दोन महिने थेंब चालले. बुबुळाच्या कडेला फूल राहिले आहे, पण मध्ये नाही, त्यामुळे नजर वाचली. ते परत कामावर जातात. पकडीच्या रात्री साधा पारदर्शक चष्मा लावतात. सोबतचे चेष्टा करतात, असे बाई सांगत होत्या.

त्यांची कोळंबीची पिशवी त्या गडबडीत दवाखान्यातच राहिली होती. संध्याकाळी कंपाउंडरने विचारले, "हिचं काय करू?" मी वास घेतला. दिवसभर बिनबर्फाची राहिली होती, आता मात्र ती टाकण्याजोगीच झाली होती.